नापास फरश्या

पावणेसहाला खाली पिवळी बस येते,
इंजिन बंद न करता दोन मिनिटं थांबते.
कैवल्य चढतो. पडद्यामागे मिहिका
काचेला नाक लावून आतली डोकी मोजते.
एकोणीस. काल अठरा होती.
आमचा गणिताचा तास इथूनच सुरू होतो.

एका पगारात एकाचीच फी बसली.
दुसरीचं नाव मी स्वयंपाकघरात घातलं.

पुस्तकं चिपळूणहून आली, तेवीस किलोंच्या हिशेबात:
भावजयीनं मेतकूट काढलं, गणित ठेवलं,
आमसुलं काढली, परिसर अभ्यास ठेवला.
तरी पानांना आमसुलांचा वास आहेच,
आणि चौथ्या धड्यावर एक जांभळा डाग.
त्याला आम्ही श्रीलंका म्हणतो.
पृथ्वीचा गोल खतीजाभाभींनी दिला, दापोलीच्या, समोरच्या दारातल्या.
स्टँड मोडलाय, म्हणून तो चहाच्या मगात बसतो
आणि अंटार्क्टिका कधी दिसत नाही.

पुस्तक म्हणतं: गावातील विहिरीला भेट द्या,
पाणी कोण ओढते ते लिहा.
आम्ही लिहिलं: रास अल खैमा. पाणी कुंजूमोन ओढतो,
वीस लिटरची बाटली खांद्यावर, तीन मजले.
लिफ्ट बंद असली की वर पोचेपर्यंत
अकरा वेळा अय्यो म्हणतो.
ऋतू किती? तिनं लिहिलं, दोन.
खिडकी उघडायचा आणि न उघडायचा.
मी लाल पेन उचललं,
आणि तसंच ठेवलं.

भागाकार मला येत नाही. म्हणजे येतो,
पण आमच्या बाईंनी शिकवला तसा;
या पुस्तकात तो वेगळ्याच दारानं आत शिरतो.
रात्री ओट्याशी उभी राहून मी उद्याचा धडा आधी शिकते,
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात.
सासूबाई फोनवर विचारतात, "शिकवायला बाई येते का गं कुणी?"
"येते," मी सांगते.

हेमंत कारखान्यातून फरश्या आणतो,
टवका गेलेल्या, रंग सांडलेल्या,
पाठीवर खडूची फुली असलेल्या.
पाव, अर्धी, पाऊण,
अपूर्णांक हॉलभर पसरतात,
आणि मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या त्याच्याच तळपायात
एक अष्टमांश घुसतो.

"ही का नापास केली?"
"चीर आहे बघ. केसाएवढी."
तिनं फरशी उजेडात धरली, चिरेवरून नख फिरवलं.
"ही तर नदी आहे," म्हणाली,
आणि पेन्सिलीनं तिला उपनद्या काढल्या,
काठाला एक गाव, गावात एक शाळा.
शाळेला दार काढलं नाही.
मी विचारलं नाही.

अडीचला कैवल्य येतो, बुटांसकट सोफ्यावर झोपतो.
ती त्याची वही काढते,
पानाखालच्या सहीवर बोट ठेवते, हळूच,
तवा तापलाय का बघावं तसं.
मग स्वतःची वही माझ्यापुढे:
"तू पण कर ना सही. त्यांच्यासारखी, झोकात.
आणि शेरा पण."

पिठाचा हात पुसून मी सही केली.
खाली रेघ, रेघेखाली तारीख,
आणि खूप विचार करून लिहिलं:
प्रगति समाधानकारक.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.
लाल पेन उचललं
आणि जराही मागेपुढे न बघता माझ्या पहिल्या शब्दाभोवती गोल काढला.
"वेलांटी दुसरी हवी, आई.
दहा वेळा लिही."

लिहितेय.
सातवी ओळ चालू आहे.
कणीक तशीच पडलीय.