प्रत माहितीसाठी

एकतीस वर्षं लेखा कचेरीत टाइप केलं मी.
पाच कागद, चार कार्बन,
कडा ठोकून एकसारख्या करायच्या
पत्त्यांच्या डावासारख्या,
मग रोलरमध्ये.
मूळ प्रत साहेबांची, ठसठशीत.
दुसरी भोपाळला. तिसरी फाइलला.
चौथीत 'क' कुठला आणि 'फ' कुठला कळेना,
पाचवी म्हणजे अक्षरांचा नुसता धूर,
ती कुणाला जायची
मी कधी विचारलं नाही.
चूक झाली की पाच ठिकाणी खोडायची,
मध्ये चिठ्ठी सरकवून, श्वास धरून.
संध्याकाळी लश्करच्या टेम्पोत
बोटं बघून बायका विचारायच्या,
वांगी भाजलीत का?

आता खालच्या तोमरांच्या नातवाने
फोनवर शिकवलंय.
वर ज्याला लिहायचं तो, मग सीसी,
त्याखाली बीसीसी,
"आंटी, ये वाले किसी को दिखते नहीं."

जनकगंजातल्या आमच्या बोळातला दिवा
अकरा दिवस बंद.
मी लिहिलं, हिंदीत, रीतसर,
विषय, संदर्भ, महोदय.
मूळ कनिष्ठ अभियंत्याला,
प्रत आयुक्त, नगरसेवक, वीज कंपनी.
सगळ्या प्रती सारख्याच काळ्या,
धूर कुणाच्याच वाट्याला नाही,
आणि उत्तरही कुणाचं नाही.
पहिल्याला वाटतं, तिघांना कळलंय.
तिघांना वाटतं, पहिल्याचं काम.

बीसीसीत रंगनाथ.
धाकटा भाऊ, बडोद्याला असतो.
गोदरेजच्या एका किल्लीवरून नऊ वर्षं
आमच्यात दिवाळीचासुद्धा फोन नाही.
का घातला त्याचा पत्ता?
मी अजून इथेच राहते
एवढं कळावं म्हणून.
माहितीसाठी.
पुढील कार्यवाही अपेक्षित नाही.

त्याने सगळ्यांना उत्तर दिलं.
कुठलं बटण दाबलं ते त्यालाही कळलं नसेल,
पहिल्यापासून धांदरटच तो.
चार सरकारी टेबलांवर मराठीत उमटलं:
"ताई, खंबा नाही, खंभा. भ भटजीचा.
आणि अंधारात पायरी चुकशील,
शेवटची उंच आहे."

आहे खरी.

तिसऱ्या दिवशी अभियंता लिहितो,
"महोदया, ये पायरी किस वार्ड में है?
कृपया खंभा नंबर दें."
त्याचाही भ बरोबर.

मी उत्तर लिहायला बसले.
वार्ड घातला, नंबर घातला,
खंभा नीट लिहिला.
रंगनाथला खालच्या ओळीतून उचलून
सीसीत बसवला, आयुक्तांच्या शेजारी.
दिसू दे सगळ्यांना.

बोळ अजून काळाच आहे.
पहाटे दूध आणायला उतरते मी, मोजत,
पाच, सहा, सात,
आणि मग ती उंच.