बनी तो बनी

मे महिन्यात लोकर घेणारी मी एकटीच.
दुकानातला पंखा नुसती गरम हवा ढवळत होता.
पोरवाल म्हणाला, बाई, थंडी तर कधीच गेली.
राखाडी तीन गुंडे घेतले, गुलाबी एक.
डोळ्यांना जुन्या शर्टाची बटणं होतीच घरी.

मला ससा करायचा होता.
पर्सचा ससा, पोटाला चेन,
शेपटीच्या जागी गोंडा.

गंगाखेडला वीस मिनिटं गाडी थांबते.
लतीफभाई बॉनेटवर चहा ठेवून डोळे मिटतात,
मी कंडक्टरच्या सीटवर सुया काढते.
एक सुलट, एक उलट.
शेजारी महामंडळाची बॅग, चामड्याची,
एकोणीस वर्षं हिच्या पट्ट्यानं
माझ्या खांद्यावर तिरकी खाच पाडलीय.
हिच्यातला रुपयान् रुपया परक्याचा.
रात्री डेपोत कमी भरला तर माझ्या पगारातून,
जास्त भरला तर लेखी जबाब.
वाटलं, एक पिशवी अशी असावी
जिचा हिशोब कुणीच मागणार नाही.

पण टाके तरी मोजावेच लागतात.
आणि पोखर्णीला एकजण दोन रुपयांसाठी
असा काही भांडला, असा भांडला,
की रागारागात डावा कान बारा ओळी वाढला.
उसवावा म्हटलं तर डबल बेल द्यायची वेळ झाली.
परतीला बघते,
तर उजवाही तेवढाच करून बसलेली मी.

लतीफभाईंनी एक डोळा उघडला.
"काय विणायलाव मॅडम?"
"ससा."
ते बराच वेळ बघत राहिले.
"बनी तो बनी," म्हणाले,
"नहीं तो परभणी."
आणि डोळा मिटून घेतला.

घरी रुजुता हसून गादीवर लोळली.
ती इंग्रजी शाळेतली.
"मावशी, अगं बनी म्हणजेच ससा!
बनी नाही बनला, म्हणून ही परभणी."
तेच नाव पडलं मग गाढवीला.

आता ती माझ्या सीटमागच्या दांडीला लटकते.
खड्डा आला की मान हलवते, हो म्हणाल्यासारखी.
कॉलेजची पोरं म्हणतात, हिचं अर्धं तिकीट काढा.
एका म्हातारीनं तिला चिवड्यातला शेंगदाणा देऊ केला.

दैठण्याला यल्लाप्पा चढला, वीटभट्टीवरचा.
भुवयांपर्यंत लाल धूळ.
तो हसला नाही.
दोन्ही हात धोतराला पुसले, परभणीला मांडीवर घेतलं,
मान वळवून पाहिली, कान चाचपले,
दात बघायला तोंड उघडू गेला,
तिथं गुलाबी दोऱ्याची एक गाठ.
"मादी हाय," म्हणाला. "कान ब्येस जमलेत.
पण पट्टा इसरलाव बाई तुम्ही."
"कसला पट्टा?"
त्यानं बोटानं दाखवलं,
कण्यावरून शेपटीकडं एक रेघ,
खांद्यावरून आडवी दुसरी.
"काळा असतोय. राखाडी गाढव म्हणलं की असतोयच."
मग कनवटीचे सुटे पैसे मोजून दिले
आणि गंगाखेड येईपर्यंत
गाढवी मांडीवर तशीच धरून बसला.

काळी लोकर नव्हती.
रुजुताच्या आखूड झालेल्या स्वेटरची काठपट्टी उसवली.
लाइट गेलेली, मोबाइलच्या उजेडात
आधी कण्यावरून घातला दोरा,
मग खांद्यावरून.
ब्लाउज बदलताना आरशात
माझाही दिसला.
थोडा तिरका आहे.

आज तिच्या पोटात बडीशेप, चष्म्याचं घर,
आणि दहाची नाणी,
जी आमच्या रूटवर कुणी म्हणजे कुणी घेत नाही.
पॅसेंजरनं दिलेली मी घेते,
भरण्यात माझ्याकडची नोट ठेवते,
नाणी हिच्यात टाकते.
डेपोतून घरी चालत जाताना वाजत राहतात.
किती झाली असतील,
माहीत नाही.