पाय सरळ धर

एकशे वीस खुर्च्या मांडल्या मी संध्याकाळी.
मोठ्या संपल्या, म्हणून शेवटच्या तीन रांगा
पहिलीच्या वर्गातून आणल्या.
तर ओहायोतल्या आमच्या गावचे करदाते
गुडघे हनुवटीला लावून बसले होते
आणि बोलत होते लाखांत.

माईकवर प्रत्येकी तीन मिनिटं.
अध्यक्षीणबाई लोर्ना डाइट्झ यांच्यापुढे
अंडी उकडायचं घड्याळ, शाळेच्याच स्वयंपाकघरातलं.

पहिला उठला वेंडेल क्रप.
काचकारखाना बंद पडल्यापासून
त्याच्या घराची किंमत कागदावर चढते
आणि छप्पर गळतं.
म्हणाला, माझी मुलं इथेच शिकली
आणि गेली. एक डेन्व्हरला, एक कुठे ते सांगत नाही.
आमच्याच पैशाने आमची पोरं गावाबाहेर काढलीत तुम्ही.
कुणीतरी हसलं.
तो हसला नाही. खाली बसताना
खुर्चीचा पाय कडकन मोडला.

बँडच्या टॅकेटबाई काही बोलल्याच नाहीत.
ट्रंपेटची एक कळ दाबून दाखवली.
ती वर आली नाही.
उरलेला वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या,
घड्याळ टिकटिकत राहिलं.

मग राजधानीहून आलेला टायवाला, त्याचा तक्ता,
'दर विद्यार्थ्यामागे' चौदा वेळा
(मी मोजलं, मला मोजायची सवय आहे),
विद्यार्थ्याचं नाव एकदाही नाही.
राज्याने आपला वाटा उचललाय, म्हणाला,
वायफळ खर्च तेवढे छाटा.
मागून आवाज आला,
दात कोरून पोट भरतं का साहेब?

नदीपलीकडच्या शाळेला पोहायचा तलाव आहे, छतासकट.
तिथली घरं महाग, म्हणून शाळा चांगली.
शाळा चांगली, म्हणून घरं महाग.
हे चाक पहिल्यांदा फिरवलं कुणी,
एक तरुण आई विचारत होती, तेवढ्यात घंटा वाजली.

मला कुणी विचारलं नाही.
तळघरातल्या बॉयलरला कुठे ठोकलं की तो पेटतो
हे गावात मला एकट्याला ठाऊक.
आणखी एक गोष्ट मला एकट्याला ठाऊक:
नोव्हेंबरात वाढीव शाळाकर नऊ मतांनी पडला.
माझ्या आईचं घर, तिचं इन्सुलिन,
वर चारशे बारा डॉलर दर वर्षाला.
हा हिशेब मी पेन्सिलीने तीनदा केला होता,
शाळेच्याच पेन्सिलीने.
मतपत्रिकेवर 'नको'समोरचा गोल भरताना
हात थरथरला असं म्हणायला आवडेल मला.
नाही थरथरला.

दिवे निम्मे विझवले. गाड्या गेल्या.
वेंडेल परत आला, टोपी हातात.
खुर्ची मी मोडली, म्हणाला,
किती झाले?
मी ती उलटी केली. खाली चिकटपट्टीवर
वाकड्यातिकड्या अक्षरांत: मेब्री.
सकाळी आठला ती येऊन बसेल इथे.
पैसे ठेव, म्हटलं, बॅटरी धर.

मग दोघेही जमिनीवर, म्हातारे गुडघे,
गोंद, दोन स्क्रू, सुतळी.
बॅटरी दातांत धरून दोन्ही हातांनी
तो पाय दाबून होता बराच वेळ.
मग बॅटरी काढून हळूच म्हणाला,
नोव्हेंबरात तू कुठला गोल भरलास रे?

मी म्हटलं,
पाय सरळ धर.