खापराची छत्री

राउटर ओसरीवर, कोकिळाबाई मागच्या खोलीत,
आणि मध्ये दीड हात जाडीची मातीची भिंत.
उन्हाळ्यात हीच भिंत अमळनेरच्या झळांपासून वाचवते,
म्हणून तिला काही बोलता येत नाही.

पण उधन्याहून जागृतीचा फोन आला की
तिचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडंच राहतं,
आणि कोकिळाबाई काचेला विचारत बसतात,
"जेवनी का तू? जेवनी का?"

एकतीस वर्षं सिग्नलच्या तारा ओढल्या मी,
धरणगाव ते नरडाणा.
तार दिसायची. ओढली की लांब कुठेतरी हात पडायचा,
गाडी निघायची.
हे आताचं कुठे अडकतं तेही दिसत नाही.

गेल्या आखाजीला मांडे करताना तडकलेलं खापर
माळ्यावर पालथं पडलं होतं.
उताणं केलं, तर छत्रीच की!
आतून ज्वारीच्या पिठाची खळ फासली,
पोळ्या गुंडाळायची चांदी चिकटवली,
सुरकुत्या अंगठ्याने दाबत गेलो.
"मनी मायनं खापर शे ते."
मी म्हटलं, "तिलाच कामाला लावतोय."
कोकिळाबाई हसल्या नाहीत.

राउटरच्या पाठीशी खापर उभं केलं,
खाली दोन विटा, मध्ये चिंधी.
शेजारचा भावेश मोबाईल धरून आत,
ओरडून आकडे सांगतोय:
उणे ब्याऐंशी.
जरा डावीकडे. उणे अठ्ठ्याऐंशी.
"बाबा, बिघडलं!"
उजवीकडे, बोटभरच. उणे चौऱ्याहत्तर.
"थांबा! हात काढा आता!"

जन्मभर पगाराच्या बेरजा केल्या,
पण उणं घटलं की वाढलं म्हणायचं
हे सत्तरीत कळलं.

रात्री साडेनऊला, ड्यूटी संपवून, जागृती.
ओठ हलले, आणि हलले तसेच ऐकू आले.
मायलेकी बोलल्या काय?
शेवग्याला शेंगा लागल्या का,
कळण्याचं पीठ कुणाबरोबर पाठवू,
खालच्या मजल्यावरची बाई अजून भांडते का.
मध्येच कोकिळाबाई म्हणाल्या,
"डोळ्याखाली हे काळं कधीपासून?"
तिकडे जागृती गप्प.
सिग्नल पूर्ण होता. मी बघितला.

फोन ठेवल्यावर दिवा न लावता
त्या बराच वेळ बसून राहिल्या.
मला वाटलं, सकाळी खापर माळ्यावर जाईल.

सकाळी ओसरी झाडून झाली होती.
खापर तिथंच,
आणि विटांभोवती खडूची रेघ,
झाडताना हललंच, तर
परत नेमकं तिथंच ठेवता यावं म्हणून.