बिनखिळ्याचं पायताण

पूर ओसरल्यावर चिखलीच्या त्या रानात
दीड हात गाळ बसला होता,
आणि त्याखाली कुठंतरी चौगुल्यांचा फूट-व्हॉल्व्ह.
गनमेटलचा, अकरा किलो,
शिरोलीला आमच्याच फाउंड्रीत ओतलेला.
त्याची बर मीच काढली होती ग्राइंडरवर.

बाबालाल मुजावर उद्यमनगरातनं मशीन घेऊन आला.
डांबराखाली गडप झालेली नळाची झाकणं
पूर्वी तो शोधून द्यायचा महापालिकेला.
कॉइल परातीएवढी.
दांड्याला गुंडाळलेल्या केबलचा एक वेढा सैल होता;
सगळी सोडली, पुन्हा गुंडाळली.
"ही हलली की खोटं बोलती."

मी म्हटलं, फुल्ल कर की, खोल जाईल.
त्यानं केलं.
कढईत मोहरी पडली.
"आता हे सगळंच ऐकतंय," तो म्हणाला,
"वरची तार, तुझा मोबाईल, शेजारच्या मोटारीचा स्टार्टर.
खालचं कधी ऐकणार?"
मोबाईल बांधावर ठेवला. बटण मागं, अजून मागं,
तडतड थांबेपर्यंत.

मग जमीन जुळवणं.
हा गाळ म्हणजे घाटाचा खडक दळून आलेला,
लोखंड त्याच्या अंगातच.
कॉइल गुडघ्यापर्यंत वर, मातीपासून बोटभर खाली,
परत वर, उखळातल्या मुसळासारखी.
खाली नेताना आवाज चढला, बटण इकडं.
बसला, बटण तिकडं.
चढतंय.
बसतंय.
उगं थोडं चढतंय.
आणि मग वर-खाली एकच,
मच्छरदाणीबाहेरचा डास.

मला तो डासही ऐकू येईना.
फेटलिंगला एकवीस वर्षं, डावा कान तिथंच गेला.
बाबालाल काही बोलला नाही,
हेडफोन उजव्या कानावर दाबून धरला माझ्या,
डास येईपर्यंत.

"आणि काही वगळू नको. खिळा, पत्रा, गुटख्याची पुडी,
बोलू दे सगळ्यांना.
गाळायला गेलास की खोलातलं पहिलं गळतंय."

पहिल्याच फेरीला डावीकडं कुईं.
खणलं. गाळ.
पुन्हा फेरी, पुन्हा डावीकडं.
खणलं. नुसताच गाळ.
बांधावरनं सुशीला चौगुले म्हणाल्या,
"सापडतंय काय, का नुसतं माझं रान उकरायलायसा?"
बाबालालनं माझ्या पायाकडं बघितलं.
सेफ्टी शूज. पुढं पोलादी टोपी.

काढले.
मग हातातलं कडं.
मग पट्ट्याचं बक्कल, विजार एका हातानं धरून.
त्याच्या पायात कापशी पायताण,
चामड्याच्या वादीनं शिवलेलं, आत एक खिळा नाही.
मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस, म्हणून घालतो.

अनवाणी उभा राहिलो. गाळ गार होता.
"विळ्यागत टोकाला उचलू नको. सारवल्यागत फिरव.
सारवणाऱ्या बाईला कधी घाईत बघितलंस?"
सारवलं.
पट्टा, त्यावर अर्धा पट्टा.
उन्हात गाळाला भेगा पडत होत्या, त्यांचाही आवाज येतोय असं वाटायला लागलं,
ते अर्थात खोटं.

दुपारी डासाच्या सुरात एकदा काहीतरी अडखळलं.
आवाज म्हणता येणार नाही त्याला,
कुणी बोलायला तोंड उघडून थांबावं, तेवढंच.
उलट्या बाजूनं फिरवलं. तिथंच.
नव्वद अंशात वळून. तिथंच.
"खोरं लांब ठेव," बाबालाल म्हणाला. हातानं उकरलं.
कोपर बुडालं तेव्हा बोटाला लागली
कुणाच्या तरी बैलगाडीची धाव, अर्धी, गंजलेली.

व्हॉल्व्ह तिसऱ्या दिवशी मिळाला.
सुशीलाबाईंनी तो पदरानंच पुसला, वजन करून बघितल्यासारखा हातात तोलला
आणि चहा टाकायला गेल्या.
माझा एक शूज तोवर कुत्र्यानं नेला होता.

सोमवारी पाळीला गेलो, उसन्या बुटात.
कास्टिंग टांगून हातोडीनं ठोकायचं असतं,
भेग असली तर नाद फुटतो.
आजवर मी ते नवख्या पोरांवर सोपवायचो.
ग्राइंडर बंद करा रे जरा, म्हटलं.
उजवा कान पुढं केला,
आणि नेहमीपेक्षा हळू ठोकलं.