वजा आठ मीटर

नाट्याच्या पाणीयोजनेवर अकरा वर्षं
रोज सकाळी सातला मी काटा वाचला.
एक पूर्णांक सहा. कधी एक पूर्णांक पाच.
आधी काचेवर नखाने टिचकी,
खाऱ्या हवेने काटा आळसावतो म्हणून,
मग एक डोळा मिटून अगदी समोरून बघायचं;
तिरकं बघितलं की एक घर चुकतं.
एवढं मला येत होतं, आणि एवढ्यावर
मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो.

सड्यावरच्या भंडारवाडीतून शेवंती मायनाक उतरायची,
रिकामा हंडा डोक्यावर उपडा, टोपीसारखा.
मी वही पुढे करायचो. हे बघ, दाब पुरेसा आहे.
ती वहीकडे बघायचीच नाही.
"तुज्या काट्यात पानी हाय रे बाबा,
माज्या हंड्यात नाय."

फेब्रुवारीत हुसेन सोलकर आला, राजापूरहून,
पिशवीत कानस, टेप आणि भाजलेले काजू.
काट्याकडे न बघता त्याने आधी पाइपावर हात ठेवला,
बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा.
म्हणाला, वाहतं पाणी पुढे जोर करतं, ते वेगळं.
आपल्याला हवंय ते जाता जाता
भिंतीला रेलून असणारं.
त्याला विचारायचं तर भोक काटकोनात हवं,
बारीक, आणि आतून गुळगुळीत.
प्रवाहाला तोंड देऊन विचारलंस तर ओरडून सांगेल,
पाठ करून विचारलंस तर पुटपुटेल.
मग भोकाच्या आतून बोट फिरवलं
आणि रक्ताचा थेंब मला दाखवला:
ड्रिलने उठलेलं कुसळ,
अकरा वर्षं पाण्याला टोचत असलेलं.

ते घासलं. पंप पुन्हा सुरू केला.
नळीचा पेच सैल केला. फस्स.
वळणावर दडून बसलेली हवा गेली.
मी काट्याकडे धावलो.
एक पूर्णांक सात!
बघा, मी म्हटलं, उलट कमीच लिहीत होतो.
हुसेन काजू चावत राहिला.
"काटा इथे खाली कुणी बसवला?"

मीच.
म्हणजे मी अर्ज केला होता.
पाइप वर, सड्याच्या कडेला,
पावसात पाखाडीवर शेवाळ धरतं,
आणि माझा गुडघा.
तेव्हा बारीक नळी खाली खुर्चीपर्यंत आणवली.

त्याने वरून टेप सोडली.
जांभ्याला घासत ती माझ्या पायाशी आली. आठ मीटर.
"नळीतलं पाणीही पाणीच ना, वजन टाकतंच.
तू पाइपाचा दाब नाही लिहिलास.
पाइपाचा आणि या पाखाडीचा मिळून लिहिलास.
शून्य पूर्णांक आठ वजा कर."

नऊ मीटर उरले. वरच्या टाकीला बारा हवेत.
मी बोटांवर पुन्हा मोजलं, जणू बोटं कमी पडतील.
म्हणजे रोज सकाळी, मी सही करत असताना,
पाणी तिच्या टाकीखाली तीन मीटरवर येऊन
उभं राहत होतं,
आणि पंप बंद झाला की मागे फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली.
हंडा खाली ठेवला, कमरेवर हात,
माझ्या हाताकडे बघत थांबली.
वहीची सवय तिलाही झाली असावी.
"आज वही नाय व्हय?"

मी खुर्ची उचलली
आणि पाखाडी चढायला लागलो.