रेघेपर्यंत पाणी

सावद्याला केळी पिकवायच्या खोल्या आहेत,
जाड दारांच्या, आत सतरावर थांबवलेली हवा.
ह्यांची पंचवीस वर्षं त्या दारांपाशी गेली.
घड आत, चार दिवस, घड बाहेर,
रात्रीतून दोनदा उठून काट्यावरचे आकडे बघायचे.
घरी मात्र
ह्यांचे आकडे मी मोजायची.

घोरण्याला मी कधी भ्याले नाही.
ते मधेच तुटायचं, तेव्हा भ्यायची.
एक, दोन, तीन... अकरा... सतरा...
मग विहिरीत बुडी मारलेला माणूस वर यावा
तसा एक हिसका.
पलंग हलायचा. मी पुन्हा एकपासून.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी अंगभर वायरी लावून
एक रात्र झोपवलं आणि कागद दिला:
तासाला बेचाळीस वेळा.
मी म्हटलं, बाई, मला विचारलं असतं तरी चाललं असतं.

मशीन आलं. नाकावर मुखवटा, डोक्याला पट्टे,
आणि बाहेर एप्रिल.
आमच्याकडचा एप्रिल म्हणजे
ओला पंचा दोरीवर टाकून मागे वळावं
तर तो पापडासारखा ताठ.
ती हवा, रात्रभर, दाबाने, नाकात.
तिसऱ्या रात्री मुखवटा ओढून काढला:
"घसा लाकूड झाला मह्या. मले नही जमत हे."
मशीन कपाटावर गेलं, मोठ्या परातींशेजारी.
मी पुन्हा मोजायला लागले.

दोन महिने.

मग एकदा चार नंबरच्या खोलीतला
ओलाव्याचा फवारा बंद पडला.
कोणाला कळलं नाही. सकाळी दार उघडलं तर
साल सुकलेली, देठ काळे,
वजनात मार, आणि आत गर कच्चाच.
संध्याकाळी हे घरी आले ते हात न धुताच
मशीन खाली काढून
उलटंसुलटं करत बसले.
"वारा द्यायचा आन् ओल नही द्यायची,
मंग काय व्हईन?"
बाईंनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं.
त्यांनी केळीचं नाव घेतलं नव्हतं, इतकंच.

आता मशीनच्या पोटात पाण्याची डबी आहे,
तिच्याखाली तापणारी बशी.
डिस्टिल्ड पाणी आणायला मी आधी चुकून
बॅटरीवाल्या वारकेंकडे गेले.
"किती बॅटऱ्या आहेत, वहिनी?"
म्हटलं, एकच. छप्पन वर्षांची.
हसून हसून त्यांनी समोरचं मेडिकल दाखवलं.

डिसेंबरात निराळाच घोळ.
खोली गार, वाफ ऊन; नळीतच तिचं पाणी होई.
पहाटे चारला हुक्क्यासारखी गुडगुड,
आणि नाकावर शिंतोडा.
हे उठून आधी छताकडे बघत राहिले.
मग उबेचा आकडा चारावरून तीनवर आणला,
मशीन पलंगाहून खाली, स्टुलावर ठेवलं,
आणि पुण्याला गेलेल्या लेकाच्या
लहानपणच्या फ्लॅनेल पायजम्यांचे पाय कापून
मी नळीला अंगरखा शिवला.
त्यावर विमानं आहेत, निळी.
लेक फोनवर म्हणाला, आई, ऊन नळी विकत मिळते.
मिळत असेल.

सकाळी उरलेलं पाणी ओतून द्यायचं,
डबी धुऊन ओट्यावर पालथी.
रात्री भरायची, कडेच्या रेघेपर्यंत.
रेघेवर एक थेंब नाही. हे चष्मा लावून तपासतात,
मालाची पावती तपासावी तसे.
मुखवट्याची खूण गालांवर नऊपर्यंत राहते.
गोडाऊनवर पोरं चिडवतात, ह्यांना राग येत नाही.

काल रात्री उगाच जाग आली.
खोलीत नुसती बारीक सुरसुर,
विमानं अंधारात हलकी वर, हलकी खाली.
सवयीने मी म्हटलं, एक.
श्वास आला.
पुन्हा म्हटलं, एक.
श्वास आला.
कितीतरी वेळ
मला दोनवर जाताच येईना.